एकच रकाना हलला

३ सप्टेंबर, मंगळवार

मिळाली! नोकरी मिळाली. सकाळी मिळाली आणि दुपारी पहिला तास झालासुद्धा. आनंद करायला वेळच ठेवला नाही त्यांनी, म्हणून तो आता घरी बसून इथं करते आहे.

काम असं आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुनी वर्तमानपत्रं ठेवायचे, ती खोली रिकामी करून तिथं सहा संगणक मांडलेत. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं मोठ्या माणसांना स्प्रेडशीट शिकवायची. शिकवणार कोण? मी! बुटांच्या गोदामात बारा वर्षं तक्त्यात डावे-उजवे जुळवत बसलेली मी. गोदाम बंद झालं तेव्हा वाटलं होतं, ही विद्या आता काय चुलीत घालायची?

ग्रंथपाल नवे आहेत, याच उन्हाळ्यात आलेले. चेहरा असा, की हसू आलंच तर आधी त्याची नोंद करतील आणि मग हसतील. त्यांची अट स्पष्ट आहे. "पहिली तुकडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे, आणि तिनं वाचनालयाचं एक तरी खरं काम करून दाखवलं पाहिजे. मग वर्ग कायम, तुम्हीही कायम. नाहीतर तळघरातली वर्तमानपत्रं परत वर."

विद्यार्थी गोड आहेत. सगळ्यांत गोड बेकरीवाले काका. माउसला हात लावण्याआधी ते दर वेळी हात पुसतात आणि पडद्यावरच्या बाणाशी अहो-जाहो करतात. "अहो, थांबा ना जरा! कुठं निघालात?" दुसऱ्या सिस्टर, म्हणजे निवृत्त परिचारिका. मी म्हटलं, उठण्याआधी सेव्ह करायचं, हे हात धुण्यासारखं आहे. झालं! त्यांना ते इतकं पटलं की जाताना सगळ्या संगणकांवर फिरून त्यांनी दुसऱ्यांचंही सेव्ह करून टाकलं. अशी विद्यार्थिनी नशिबानं मिळते.

घरी येऊन दार वाजवलं. किल्ली मी नेतच नाही, आत्या घरी असतेच. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई-वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि अजून ते काम संपलं आहे असं तिला वाटत नाही. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, गुडघा उत्तम आहे, चाला. ही म्हणते, तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं ते परत चढण्यासाठीच ना? मग उतरू कशाला? तेव्हापासून ती खिडकीतली खुर्ची, आणि वाचनालयातून दर बुधवारी घरपोच येणाऱ्या खुनाच्या कादंबऱ्या. पूर्वी हिच्यामागे बाजारात पळताना मला धाप लागायची. ते आठवत बसले तर रात्र जाईल. पण आज नको. आज मी मास्तरीण झाले!

"पगार किती, ते नंतर सांग," आत्या म्हणाली. "आधी सांग, तुला कुणी प्रश्न विचारला का?"

"विचारले की."

"उत्तरं आली?"

"आली."

"मग खरंच मास्तरीण झालीस," असं म्हणून तिनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : खुनी माळी. पान चाळीसच्या आत सांगते. ही तिची जुनी खोड. वाचनालय कितीही ओरडो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सॉर्ट शिकवलं, म्हणजे क्रम लावणं. सांगितलं असतं तर विसरले असते, म्हणून करूनच दाखवलं. सगळ्यांना बूट काढायला लावले!

प्रत्येकाला आपल्या बुटांमागे उभं केलं. एक माणूस म्हणजे एक ओळ. आता उंचीप्रमाणे रांग लावा, आणि हलताना बूट हातात घेऊन हला. छान लागली. मग म्हटलं, आता माणसं जागच्या जागी, फक्त बूट लहान-मोठे क्रमानं लावा. लावले. आता समोर आले ते बूट घाला.

बेकरीवाले काका सिस्टरांच्या चपलेत! सिस्टर कुणाच्या तरी रबरी गमबुटांत, गुडघ्यापर्यंत! हसून हसून मुरकुंडी वळली. खालून ग्रंथपाल वर आले, सगळे दुसऱ्याच्या बुटांत पाहून आल्या पावली खाली गेले.

"लक्षात ठेवा," मी म्हटलं, "पूर्ण तक्ता निवडून मगच क्रम लावायचा. एकच रकाना हलवला तर यादी दिसते सुरेख, पण ज्याचं त्याला राहत नाही."

काका म्हणाले, "म्हणजे बूट पायाबरोबरच हलले पाहिजेत."

मी ते फळ्यावर लिहिलं. मला असं वाक्य कधी सुचलं असतं?

१० सप्टेंबर, मंगळवार

ग्रंथपालांनी खरं काम दिलं! घरपोच सेवेची यादी. आजारी, म्हातारे, घराबाहेर न पडणारे असे चाळीसेक वाचक. नाव, पत्ता, फोन, आवड. तिचा नीट क्रम लावायचा, ती आवडीप्रमाणे गाळायची, म्हणजे कुठल्या प्रकारचे किती वाचक ते चटकन कळेल. "सरावाला प्रत काढून घ्या," म्हणाले. अर्थातच काढली. इतकी मी वेंधळी नाही.

यादीत आत्याही दिसली : आवड, रहस्यकथा. मी सगळ्यांना अभिमानानं दाखवली.

आजचा तास तर असा रंगला! मी म्हटलं, आता मी तुम्हाला जन्मात कधी करू नये ते करून दाखवते. फक्त "आवड" हा रकाना निवडला आणि लावला क्रम. कविता, कविता, चरित्र, प्रवास... सगळं अक्षरवार, आणि ज्याचं त्याच्याकडे काहीच नाही! "अरे देवा, बूट!" काका ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ चहा आला, मग कुणीतरी विचारलं की अक्षरं मोठी कशी करायची, आणि तास संपला कधी ते कळलंच नाही.

निघताना मागे वळून पाहिलं तर सिस्टर नेहमीप्रमाणे एकेका संगणकापाशी जाऊन सेव्ह करत होत्या. माझ्यासुद्धा! किती गुणी बाई.

११ सप्टेंबर, बुधवार

घरी महाभारत. सायकलदादा (घरपोच पुस्तकं आणणारा, सायकलला मोठी पेटी लावलेला) आत्याला प्रवासवर्णन देऊन गेला. वाळवंटातून उंटावरून कुठं कुठं.

"खून नाही?" आत्या पानं उलटत होती. "चारशे पानं, आणि एक माणूस मरत नाही? उंटसुद्धा नाही?"

मी म्हटलं, रहस्यकथा संपल्या असतील. ग्रंथपाल नवे आहेत, त्यांना काय माहीत. बदलून आणू का?

"राहू दे. पण हे बघ! कुणी गाढवानं दर पानाच्या कडेला पेन्सिलीनं चुका काढून ठेवल्यात. 'या टेकडीवरून नदी दिसत नाही. लेखक तिथं गेलेला नाही.' कोण हा शहाणा?"

"तूही लिहितेसच की पुस्तकात."

"मी अंदाज लिहिते. हा माणूस चुका काढतो. त्यात फरक आहे."

जेवणाची वेळ झाली तरी ती त्या शहाण्याला नावं ठेवत वाचत होती. मी दोनदा हाक मारली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज फिल्टर. मी त्याला गाळणी म्हणते.

काकांनी "कविता" एवढंच निवडलं, आणि बाकीचे वाचक पडद्यावरून नाहीसे झाले. काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा. "बाई, माणसं गेली! माझ्या हातून माणसं गेली!"

"कुठं जातात? आहेत तिथंच आहेत. आत्ता दिसत नाहीत एवढंच. गाळणी उचला, परत येतील."

त्यांनी घाबरत घाबरत क्लिक केलं. सगळे हजर. काकांनी पडद्याकडे बघत एक मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि बाणाला म्हणाले, "तुमचे उपकार झाले."

अशी माणसं शिकवायला मिळाली आणि वर पैसेही मिळतात. कुणाला सांगू नये, नाहीतर कापून घेतील.

१८ सप्टेंबर, बुधवार

आत्याला पुन्हा प्रवास, या वेळी समुद्रातला. मी म्हटलं, आता तक्रार करतेच. तर माझ्यावर खेकसली. "तुझं काय जातंय? तू तुझे रकाने सांभाळ. आणि मला एक पेन्सिल आण, चांगली टोकदार. खोडरबरही."

मला शंका आहे ती पुस्तकाच्या लेखकाला उत्तर लिहिते आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

एक शोध लागला आहे आणि मी हवेत आहे. आत्या चोरून स्प्रेडशीट शिकते आहे!

पुरावे. एक, तिनं माझ्याकडून चौकटींचा कागद मागवला. दोन, आज मी अचानक आत गेले तर तिनं तो उशीखाली सारला, पण मी पाहिलं. चौकोन आखलेले, वर छोटी छोटी अक्षरं : खि., दा., जि. हे रकान्यांचे मथळे नाहीत तर काय? मी डोकं लढवलं : खिसा, दाम, जिन्नस. घरखर्चाचा तक्ता! माझ्याकडून शिकायला तिला लाज वाटत असणार. माझ्याच घरात माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी बसली आहे, आणि मी दुसऱ्या घरांत शोधते आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तीन नंबरचा पुरावा नाही, पण लिहून ठेवते. ती घरात चालते आहे! दुपारी स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत भराभर जाते, वळते, पुटपुटते, "नाही, एवढ्या वेळात होत नाही," आणि पुन्हा जाते. मी विचारलं, व्यायाम? तर म्हणाली, "हो, व्यायाम. बघू नकोस, मोजणी चुकते." मी पडद्याआड जाऊन पाहत राहिले. काठीसुद्धा नव्हती.

सायकलदादा आला तेव्हा तिनं त्याच्या हातात घडी घातलेला कागद कोंबला. ग्रंथपालांकडे तक्रार गेली तर माझी नोकरी? पण दादा जिन्यात गालातल्या गालात हसत होता. त्यालाच विचारलं, गावात काय म्हणतात आपल्या पुस्तकांबद्दल? म्हणाला, "लोक जरा बदललेत, बाई. ते निवृत्त फौजदार आहेत ना, कोपऱ्यावरचे? त्यांना प्रेमकथा पोचवतो हल्ली. गेल्या बुधवारी दारातच विचारलं, दुसरा भाग कधी येणार? डोळे लाल होते. मी म्हटलं, सर्दी का? म्हणाले, हो, सर्दी."

माझ्या डोक्यात तेव्हा काहीच पेटलं नाही. मी आपली हसले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मेले.

शुक्रवारी वाचनालयाच्या समितीपुढे काम करून दाखवायचं आहे, आज त्या दाखवणीची तालीम. सिस्टरांना म्हटलं, खरी फाइल उघडा, रहस्यकथावाले गाळून दाखवा, त्यात माझी आत्या येईल. गाळले. आत्या नाही. फौजदार नाहीत. एक निवृत्त नकाशाकार आहेत, ज्यांना मी सरावाच्या प्रतीत प्रवासाखाली पाहिलं होतं. गाळणी उचलली. आवडीचा रकाना वरपासून खालपर्यंत अक्षरवार, सुरेख.

मी प्रत काढली, आणि दहा तारखेला मूळ फाइल उघडून त्यातच तो जन्मात करू नये तो प्रकार करून दाखवला. टाळ्या घेतल्या. चहा प्यायले. परत जागेवर आणायचं विसरले. आणि सिस्टरांनी हात धुण्यासारखं सेव्ह केलं! माझाच धडा त्यांनी मनापासून गिरवला, चुकले कुठं त्या?

तेव्हापासून ग्रंथपाल दर बुधवारी सकाळी ही यादी छापून त्याप्रमाणे पुस्तकं काढतात. ते नवे, त्यांना पुस्तकं ठाऊक आहेत, माणसं नाहीत. सायकलदादाला माणसं ठाऊक आहेत, पण त्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तुमच्या वर्गातून काही नवीन निघालंय. कागदावर असेल ते पोचवायचं."

मी रडायला लागले, मग मला फौजदारांची सर्दी आठवली आणि हसू फुटलं. काका म्हणाले, "बाई, पाणी प्या, दोन्ही एकदम करू नका."

घरी आत्याला सगळं सांगितलं. म्हटलं, काळजी नको, सरावाची प्रत आहे, उद्या दहा मिनिटांत सगळं जागेवर. तुझे खून तुला परत.

आत्याचा चेहरा पडला. "हात लावशील तर बघ!"

"अगं, पण..."

"मला नकोत खून. मला समुद्र हवा. आणि..." ती थांबली. "त्या दुसऱ्या माणसाला, ज्याच्याकडे माझे खून गेले, त्यालाही विचारलंस का? त्याला काय हवं-नको?"

किती मोठ्या मनाची बाई! माझी चूक झाकण्यासाठी म्हणते आहे सगळं. मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "पुरे, पेन्सिल मोडेल."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दाखवणीआधी ग्रंथपालांना सांगून टाकलं. काल दिवसभर "सांगू? नको सांगू?" चाललं होतं, पण तोंडात गुपित आणि समोर आठ विद्यार्थी, हे मला जमायचं नाही. चुकीला चूक म्हणायला शिकवणार कोण मग?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"म्हणजे त्या निवृत्त फौजदारांना प्रेमकथा..."

"माझ्यामुळे."

"आणि त्या शिवणकाम करणाऱ्या आजींना युद्धाचा इतिहास..."

"हो."

"मला वाटलं इथल्या लोकांची आवडच अशी जगावेगळी आहे. मी दर बुधवारी घाबरत पुस्तकं काढत होतो." आणि ते हसले! नोंद न करता! पण लगेच गंभीर झाले. "तरी यादी चुकीची आहे, बाई. समितीच्या अध्यक्षबाई आज येणार होत्या. पुढच्या शुक्रवारी बोलावतो. तोपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर माझा नाइलाज आहे."

मी वर जाऊन प्रत उघडली, जुना रकाना चिकटवणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा. तक्रार आली कुणाची?"

"नाही."

"मग मी काय म्हणतो, विचारू या. मी गिऱ्हाइकाला रोज विचारतो, आज काय देऊ? कालचंच द्यायचं असतं तर तोंड उघडायचं कशाला?"

एवढं सोपं! नवा रकाना : "आता काय हवं?" आणि सिस्टरांनी पुढं जोडला : "अजून घरपोचच हवं का?" कारण म्हणे, माणूस बरा झाला की त्याला खाटेवरून उठवायचं असतं, आपणहून कुणी उठत नाही. वाटणी केली. आत्याचा नंबर सिस्टरांकडे गेला. म्हटलं, मीच विचारते की घरी. तर सगळे एका सुरात, "घरच्यांनी विचारायचं नाही!"

८ ऑक्टोबर, मंगळवार

वर्गात नुसता फोनचा बाजार. काका उभे राहून बोलतात, समोर गिऱ्हाईक असल्यासारखे. "कविता देऊ का? ताजी आहे."

उत्तरं ऐकून मी टेबल बडवत होते. फौजदार : प्रेमकथा, शेवट गोड असलेली, आणि सायकलदादानं पुस्तक कागदात गुंडाळून आणावं. शिवणकामवाल्या आजी : युद्ध, पण घोडे मरता कामा नयेत. सहा-सात जणांना जुनंच हवं, त्यांचं जुनं दिलं.

ते नकाशाकार, तळमजल्यावर राहतात, जिना नाही काही नाही, तरी बायको गेल्यापासून म्हणे दोन वर्षं उंबरा ओलांडलेला नाही. त्यांचं उत्तर : "रहस्यकथा. पण कोऱ्या नकोत, ज्यांत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे त्याच." ग्रंथपालांनी कपाळावर हात मारला. आणि आत्याचं उत्तर सिस्टरांनी लिहिलं : "प्रवास. पेन्सिलीच्या चुकांसकट." पेन्सिलीची साथच आली आहे गावात!

सिस्टर मला त्यांच्या पडद्याकडे फिरकू देत नाहीत. म्हणतात, परीक्षेच्या दिवशीच बघा.

आत्यानं आज माळ्यावरून चालायचे बूट काढून मागितले. म्हणाली, हवा लागू दे त्यांना. मी पुसून खिडकीत ठेवले. रिकामे बूट उन्हात बघून मला भरून आलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

अध्यक्षबाई आल्या. ग्रंथपाल भिंतीशी उभे. काकांनी हात पुसले, पूर्ण तक्ता निवडला, वर्गाकडे वळून म्हणाले, "बूट पायाबरोबर," आणि क्रम लावला. एक ओळ इकडची तिकडे नाही. मग सिस्टरांनी गाळणी लावली : युद्धवाले, कवितावाले. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ज्यांना आता घरपोच नको, ते दाखवा बरं."

सिस्टरांनी गाळले. दोनच ओळी उरल्या. वरची नकाशाकारांची. खालची आत्याची.

माझं डोकंच फिरलं. "सिस्टर! पुन्हा एकच रकाना हलवलात?"

"नाही हो."

"हलवलात! ही माझी आत्या आहे, ती वर्षभर जिना उतरलेली नाही. ही ओळ चूक आहे, म्हणजे सगळा तक्ता चूक आहे!" अध्यक्षबाईंसमोर! माझ्याच तोंडानं माझा वर्ग बुडवत होते, पण मला राहवेना. मी माउस ओढून एकेक ओळ ताडून पाहू लागले. फौजदार बरोबर. आजी बरोबर. सगळे बरोबर.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं त्यांना. म्हणाल्या, घरपोच नको, मी येऊन घेईन. आणि मास्तरणीला सांगू नका, ती जिन्यात हात पसरून उभी राहील."

तेवढ्यात खालून आवाज आला. वाचनालयात इतक्या मोठ्यानं बोलायला बंदी आहे.

"माळी खिडकीतून आलाच नाही, असं कसं म्हणता तुम्ही?"

"अहो बाई, खिडकी उत्तरेला आहे. जिन्यापासून खिडकीपर्यंत तो एवढ्या वेळात पोचत नाही. मी आराखडा पाठवला होता."

"मी चालून बघितलं आहे! माझ्या गुडघ्यानं पोचते, तर माळी नाही पोचणार?"

मी जिना कशी उतरले ठाऊक नाही. मागे सगळा वर्ग, मागे अध्यक्षबाई. खालच्या वाचनकक्षात मोठ्या टेबलावर चौकटींचा कागद पसरलेला. खि., दा., जि. खिडकी, दार, जिना. एका बाजूला पेन्सिल कानामागे खोचलेले एक उंच गृहस्थ, म्हणजे तेच नकाशाकार. दुसऱ्या बाजूला, चालायच्या बुटांत, माझी आत्या.

"तू... कशी आलीस?"

"पायांनी." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा उतरला. "तुझी यादी बरोबर आहे गं, मास्तरीणबाई. आता रडू नकोस, लोक वाचताहेत."

मी रडले. सायकलदादा दारात पेटीला टेकून उभा होता. सगळ्या चिठ्ठ्या त्यानंच पोचवलेल्या! ग्रंथपाल अध्यक्षबाईंना म्हणाले, "वर्तमानपत्रं तळघरात राहू देत, नाही का?" अध्यक्षबाई टेबलावर वाकून आराखडा बघत होत्या. त्या म्हणाल्या, "राहू देत, राहू देत. पण हा माळी जर उंच असेल तर?"

वर्ग कायम. मी कायम. पुढच्या तुकडीत नाव नोंदवलं आहे : निवृत्त फौजदार.

१६ ऑक्टोबर, बुधवार

हे जिन्यात बसून लिहिते आहे, आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर, मांडीवर वही ठेवून.

चार वाजता आले, सवयीनं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग लक्षात आलं, आत कोणी नाही. आणि माझ्याकडे किल्ली नाही. वर्षभर लागलीच नाही ना!

शेजारच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. "अगं बाई, बाहेरच राहिलीस? ये, आत बस."

म्हटलं नको, इथं छान आहे. त्यांना वाटलं असेल, हिला झालंय काय. कुलूप बघून कुणी एवढं खूश होतं का? पण मी त्या कुलपाकडे बघते आहे आणि मला हसू आवरत नाही. उद्या किल्लीची दुसरी प्रत करून घ्यायची. नंतर. घाई नाही.

खालच्या दाराचा आवाज आला. दोघांची पावलं आहेत, सावकाश येताहेत आणि प्रत्येक मजल्यावर थांबून भांडताहेत. आत्याचा आवाज वर आहे. या वेळी खुनी बहुतेक स्वयंपाकी आहे.